बशीतली गोळी

५ जानेवारी

शेवंताच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आज तिसऱ्यांदा तारीख मिळाली. १० फेब्रुवारी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि तिला सोडून मलाच झापलं, "सुभेदार साहब, अब और टाला तो टांग सीधी होना मुश्किल है. फिर चलना-फिरना भूल जाइए."

दोन तारखा आम्ही सोडल्या हे खरं आहे. पहिल्या वेळी मला डेंग्यू झाला. दुसऱ्या वेळी दिवाळी आली आणि माझे दोन्ही भाऊ साताऱ्याहून बायकापोरांसह दिल्ली बघायला आले. दोन्ही वेळा शेवंतानेच फोन करून "आत्ता नको" असं कळवलं. घाबरट आहे झालं. ऑपरेशनचं नाव काढलं की हिला घरातलं काहीतरी काम आठवतं.

डॉक्टरांनी विचारलं, घरी देखभाल कोण करणार, तुमची स्वतःची तब्येत कशी आहे? मी ताठ उभा राहिलो. म्हणालो, बीपी आहे, पण रोज सकाळी गोळी, आठ वर्षांत एकदाही चुकलेली नाही. पलटणीची सवय आहे. शेवंता खाली बघून पर्सची चेन लावत होती.

घरी आलो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घेतलं तेव्हा गुडघे शाबूत होते, कोण विचार करतो! ती कठडा धरून, आडवी होऊन एकेक पायरी चढते. मधल्या वळणावर थांबून घाम पुसते आणि मलाच म्हणते, "चला पुढे, कुकर लावायचाय." ऑक्टोबरपासून ती समोरच्या पार्कातसुद्धा उतरलेली नाही. तिथे तिच्या चार मैत्रिणी रोज उन्हात बसतात. बाल्कनीतून हात करते त्यांना.

संध्याकाळी तिने अट घातली. "महिनाभर घर तुम्ही चालवून दाखवा. मी खुर्चीत बसून बघेन, मधे बोलणार नाही. जमलं तर बॅग भरते. नाही जमलं तर तारीख सोडते, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"अगं, मी एकशेवीस जवानांची कंपनी सांभाळलीय. दोन खोल्यांचं घर काय घेऊन बसलीस!"

"बरं," म्हणाली.

६ जानेवारी

सकाळी नेहमीसारखा चहा आला, बशीत गोळी होती, ती घेतली आणि कामाला लागलो.

फौजेत चार्ज असा तोंडी देत नाहीत. हँडिंग-टेकिंग होतं. देणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, यादी करतात, एकेक वस्तू बघतात आणि खाली दोघांच्या सह्या. मी वही घेऊन बसलो. "सांग, काय काय काम असतं?"

ती विचारात पडली. "काय सांगू? स्वयंपाक. दूध. कपडे. देवपूजा."

खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे चौदा कामं निघाली. चौदा! आणि भांडी-फरशीला रिंकू येतेच. मला हसू आलं.

"अजून काही?"

"आठवेल तसं सांगेन."

"तसं चालत नाही. यादी बंद म्हणजे बंद."

तिने सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. शेवंता उदयसिंह शिर्के. तिची सही मी किती वर्षांनी पाहिली.

७ जानेवारी

आजपासून चार्ज माझा. फ्रिजवर रूटीन ऑर्डर लावली. ०५३० उठणे, ०५४५ व्यायाम, ०६१५ चहा, ०७०० दूध, ०८०० नाश्ता. रात्री नऊपर्यंत एकेक मिनिट बांधून टाकलं.

चहा केला. तिचा कप खुर्चीत नेऊन दिला, माझा ओट्याशी उभ्याउभ्याच प्यायलो, दोन बिस्किटांसह. मला तरी छान वाटला. पोहे थोडे कडक झाले, पण चव होती. शेवंताने सगळे खाल्ले. शब्द दिल्याप्रमाणे एक अक्षर बोलली नाही. फक्त पाणी दोनदा मागितलं.

चौदापैकी चौदा कामं पूर्ण. उगाच बायका बाऊ करतात.

९ जानेवारी

दूध उतू गेलं. ठीक आहे, होतं. विरजण लावलं तर दही लागलंच नाही. सकाळी बघतो तर पातेल्यात दूध जसंच्या तसं. दिल्लीची थंडी! कपडे दोरीवर दोन दिवस आहेत आणि अजून ओलेच.

रिंकूने सिंक बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "साहब, आंटी तो बर्तन में पानी डालके रखती हैं. ये भगोना तो अब छेनी से निकलेगा." मी म्हणालो, हे यादीत नव्हतं. ती शेवंताकडे बघून हसली. शेवंताने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, उलटं.

१२ जानेवारी

रविवार. फटीगचा दिवस. पलटणीत आठवड्यातून एकदा सगळे मिळून बराकींची लाइन स्वच्छ करायचो, त्याला फटीग म्हणतात. लेक अश्लेषा गुरुग्रामहून आली होती, तिलाही झाडू दिला.

"बाबा यार, माझा एकच तर ऑफ असतो!"

"फॉलइन!"

सहा तास लागले, पण घर असं चमकलं की इन्स्पेक्शनला जनरल आले असते तरी चाललं असतं. कंबर मोडली ते सोडा. अश्लेषाने फ्रिज उघडून विचारलं, दही का नाही? मी म्हटलं, विरजण बिघडतंय. "विरजण म्हणजे? वो जामन?" घ्या! लेकीला विरजण माहीत नाही आणि बापाला लावता येत नाही.

१६ जानेवारी

बुधवारपर्यंत घर पुन्हा होतं तसं झालं. हे मला समजत नाही. रविवारी घासून पुसून लख्ख केलं आणि तीन दिवसांत सिंकला वास, बेसिनवर डाग, देवाच्या ताम्हणात कालचं फूल. शिस्त कमी पडतेय. पुढच्या रविवारी पंखेही पुसून काढतो.

चार दिवस डोकं जड आहे. सकाळी उठल्यावर मागच्या बाजूला ठणकतं. बाहेर धुकं आणि धूर इतका की समोरचं पार्क दिसत नाही. हवाच वाईट. शेवंता म्हणाली, "चेहरा लाल दिसतोय तुमचा." म्हटलं, शेगडीची धग.

आज तिसऱ्यांदा खिचडी केली. तिने तिसऱ्यांदा खाल्ली. गुणाची आहे.

२० जानेवारी

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो.

सकाळी पंखा पुसायला स्टुलावर चढलो. हात वर केले आणि भिंत फिरली. पडलो. नशीब, पलंगावर पडलो. शुद्ध गेली नाही, पण उठता येईना. आणि मी काय पाहिलं? शेवंता खुर्चीतून उठून धावत आली. धावत! तो गुडघा घेऊन. नंतर सगळी दुपार पाय उशीवर ठेवून बसली होती.

अश्लेषा घरी होती म्हणून निभावलं. गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. बीपी १९० आणि खाली ११४. तिथली डॉक्टर मुलगी अश्लेषाहून लहान असेल. विचारलं, कौनसी दवाई लेते हैं?

मला नाव आठवेना. आठवेना कसलं, मला ते माहीतच नव्हतं. म्हणालो, सफेद, गोल, छोटी.

"आखिरी बार कब ली?"

मला बशी आठवत होती. निळ्या काठाची बशी, तिच्यावर कप, कपाच्या कानाजवळ गोळी. सहा तारखेची सकाळ. त्यानंतर बशी नाहीच. मी ओट्याशी नुसता कप घेऊन चहा पीत होतो.

अश्लेषाने आईला फोन लावला. शेवंताने गोळीचं नाव, किती पॉवरची, पाकीट कुठे, कधी संपणार, सगळं एका दमात सांगितलं. पाकीट चहाच्या डब्यामागे, स्टीलच्या डबीत. तेरा दिवस माझा हात त्या डब्याला रोज लागत होता.

आठ वर्षांत एकदाही चुकली नाही म्हणे! मला लाज वाटते लिहायला. चुकली नाही कारण चुकू दिली नाही तिने.

घरी आल्यावर म्हणालो, तू सांगितलं का नाहीस? तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं, चहा करताना आतच घेत असाल. यादी करताना सुचलंच नाही हो. ते काम आहे असं मला कधी वाटलंच नाही." मग तिने फोन हातात घेतला, हॉस्पिटलचा नंबर काढला. "दीड महिना मी पडून राहणार आणि तुम्ही असे. नको. मी आहे तशी बरी आहे."

मी तिच्या हातावर हात ठेवला. "त्या दोन तारखा तू भीतीने सोडल्या नव्हत्यास ना?"

"भीती? अश्लेषाच्या वेळी तुम्ही वर बर्फात होतात. मी एकटी रिक्षाने दवाखान्यात गेले होते. टाक्यांना घाबरेन मी?"

म्हणजे दोन वर्षं ती पाय ओढत चालली ती माझ्यासाठी. आणि मी या वहीत तिला घाबरट लिहिलं. ते पान फाडणार होतो. फाडलं नाही, असू दे तसंच माझ्या डोळ्यांसमोर.

म्हणालो, "शेवंता, हुकूम नाही, विनंती आहे. हँडिंग-टेकिंग चुकलं होतं. पुन्हा करू. दहा दिवस दे मला."

न लावताच फोन खाली ठेवला तिने.

२१ जानेवारी

आज बघणारा मी. तिला म्हटलं, एक दिवस तू तुझ्या पद्धतीने कर, मी नुसता वही घेऊन मागे फिरतो. गुडघ्यासाठी हळूहळू कर.

अरे बापरे! चहाला उकळी येईपर्यंत तिने काय काय केलं? सिंकची जाळी झटकली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, फडकं ओट्यावरून फिरवलं, दोन बदाम भिजलेले सोलले, गोळी बशीत ठेवली. सगळं उभ्याउभ्या, चार मिनिटांत. आंघोळीला जाताना जुना टॉवेल घेऊन गेली, येताना त्यानेच बेसिन पुसून आली. पातेलं रिकामं झालं की लगेच पाणी. दुपारी बाल्कनीत उन्हाला बसायला गेली तेव्हा मेथी निवडायला घेतली आणि चार वाजायच्या आत दोरीवरचे कपडे ओढून घरात घेतले, धुकं उतरायच्या आधी. झोपताना गॅसचा कॉक, दाराची कडी, आणि विरजण. दह्याचं पातेलं कशात गुंडाळते माहीत आहे? माझ्या फौजी जर्सीत! तीन वर्षं मी ती जर्सी शोधतोय.

"एवढी कामं लिहून का नाही दिलीस?"

"ही कामं नाहीत हो. हे येता-जाता होतं."

सत्तेचाळीस झाली यादी. येता-जाता सत्तेचाळीस! तिच्या घरात फटीगचा दिवसच नव्हता, कारण रोज थोडं थोडं हाताखालून जात होतं. आणि मी रविवारी तलवार उपसून उभा.

शेवटी सही करताना अठ्ठेचाळिसावं काम मी माझ्या हाताने लिहिलं. उदयसिंहची गोळी, उदयसिंहकडे.

२२ जानेवारी

फ्रिजवरची रूटीन ऑर्डर काढली. सत्तेचाळीस कामं एकदम अंगावर घ्यायची नाहीत, शेवंताने बजावलं. आधी फक्त चहाची चार मिनिटं. जाळी, बाटल्या, फडकं, बशी. बाकी काही बिघडलं तर बिघडू दे.

बशी काढली. गोळी ठेवली. खुर्चीत बसून प्यायलो, तिच्या शेजारी.

२६ जानेवारी

टीव्हीवर परेड बघितली. माझी पलटण आली नि दोघं उभे राहिलो, ती कठडा नाही म्हणून माझा खांदा धरून. जवानांचे पाय एका रेषेत पडतात ते रोजच्या पहाटेच्या सरावाने, त्या एका दिवसाच्या जोरावर नव्हे. हे मी शेकडो रंगरूटांना शिकवलं. घरी कुणी शिकवायचं मला?

चहाच्या चार मिनिटांना आता आंघोळीनंतरचं बेसिन जोडलंय. दही अजून पातळ होतं, पण लागलं! बीपी १४८. अश्लेषाला फोटो पाठवला, दह्याचा. तिचं उत्तर आलं, "बाबा, बिल्कुल आईसारखं!" खोटं बोलते, पण गोड बोलते.

३१ जानेवारी

आज सकाळी भलतंच झालं.

सहा वाजता चहा नेला तर शेवंता झोपलेली. ती कधी झोपलेली नसते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी उठलो आणि ही अजून अंथरुणात आहे असं एकदाही झालं नाही, तापातसुद्धा. मी कप ठेवला. नाकाशी हात धरून श्वास बघितला. कपाळ बघितलं. हाक मारावी की नको कळेना, पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसून राहिलो. सात वाजता डोळे उघडले तिने.

"बरं नाही का? काय होतंय?"

"काही नाही. झोप लागली." मग आढ्याकडे बघत म्हणाली, "सहाच्या जरा आधी जाग आली होती. तुमचा आवाज आला, बाटल्या भरताना. परत डोळा लागला."

अशक्तपणा असेल, असं मला वाटतंय. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

दुपारी बघतो तर कपाटाखालून ती बॅग ओढत होती. मी म्हणालो, अगं, दहा दिवस आहेत अजून. "भरायला घेते येता-जाता," म्हणाली.

१० फेब्रुवारी

सकाळी आत न्यायच्या आधी नर्सने दागिने काढायला सांगितलं. शेवंताने माझ्या रुमालात एकेक ठेवलं आणि मोठ्याने म्हणाली, "मंगळसूत्र एक. बांगड्या चार. जोडवी दोन. नीट बघून घ्या, मग म्हणाल कमी निघालं. करा सही."

नर्सला काही कळलं नाही. मी तिच्या तळहातावर बोटाने सही केली. मग तो दरवाजा बंद झाला आणि मी तीन तास रुमाल मुठीत धरून बसलो. अश्लेषा म्हणाली, "बाबा, गोळी?" सकाळीच घेतली होती. डबी खिशात आहे.

नीट झालं. देवा, नीट झालं.

१५ फेब्रुवारी

घरी आणली. सोसायटीच्या दोन गार्डनी खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर चढवली. ती राणीसारखी बसली होती आणि वळणावर त्यांनाच सांगत होती, "आराम से भैया, कमर संभालो."

आत आल्यावर तिची नजर फिरली. सिंक, बेसिन, देव्हारा, दोरी. मला पलटणीच्या इन्स्पेक्शनला कधी इतकं टेन्शन आलं नव्हतं.

"जर्सी कुठाय?"

"दह्यावर."

डोळे मिटून मान टेकली तिने. एवढंच. पण मला मेडल मिळाल्यासारखं झालं.

२ मार्च

तिच्या दिवसाला पाच गोळ्या, तीन वेळा व्यायाम, बर्फाचा शेक. चहाच्या चार मिनिटांत आता दोन बशा निघतात. व्यायाम मी मोजतो. "एक-दो-एक" म्हणालो की चिडते, "मी रंगरूट नाहीये!" पण पाय वाकवते. काल नव्वद अंशांपर्यंत वाकला.

लिहून ठेवतो, कारण तोंडाने मला जमत नाही. रात्रंदिवस पहारा मी सरहद्दीवर दिला असं मला वाटायचं. पण मला कुणी जपलं, कधी जपलं, मला पत्ताच नव्हता. एकतीस वर्षं मी स्वच्छ बनियन घातलं, गरम खाल्लं, वेळेवर औषध घेतलं आणि छाती फुगवून त्याला माझी शिस्त म्हणालो. शेवंता, तुझे फार उपकार आहेत. तू ही वही वाचत नाहीस ते बरंच आहे.

वाचत नाहीस ना? कारण आज वहीतली रिबन मी ठेवली होती त्याच्या एक पान पुढे होती. रिंकूने पुसताना हलवली असेल.

२४ मार्च

सहा आठवड्यांची तपासणी. जिना उतरताना तिने एका हातात काठी घेतली, दुसरा हात कठड्याला, आणि पायऱ्या सरळ उतरली. सरळ! मी एक पायरी पुढे, उलटा. पार्कातून तिच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. "आते वक्त बैठूंगी," तिने ओरडून सांगितलं.

तेच डॉक्टर, तीच खोली. तिला चालून दाखवायला सांगितलं. ती दारापर्यंत गेली, काठी न टेकता वळली, परत आली. डॉक्टर खूश. मग विचारलं, "दवाइयां टाइम पे ले रही हैं न?"

शेवंता ताठ उभी राहिली. "एक दिन भी नहीं छूटी, डॉक्टर साहब. मेरी तो आदत है."

तिची पर्स माझ्या मांडीवर होती. मी खाली बघून तिची चेन लावत बसलो.